राजवाड्यातली तीनशे अंडीपुंजांची बॅच

टोकियोच्या राजवाड्यात दर वर्षी मे महिन्यात रेशीमकिड्यांची एक बॅच लागते, आणि तिची मालकीण असते जपानची सम्राज्ञी. किडे साधारण सव्वा ते दीड लाख. वाळवा, पलूस, कोरेगाव, फलटण भागात ज्याच्या रानात तुती आहे तो हा आकडा वाचल्या वाचल्या हिशोब मांडेल. एका अंडीपुंजातून, म्हणजे एका मादी पतंगानं घातलेल्या अंड्यांतून, चारशे-साडेचारशे किडे, म्हणजे तीनशेच्या आसपास अंडीपुंज. आपल्याकडे एक-सव्वा एकर तुतीवर घेतात तेवढीच बॅच. फरक इतकाच की इथला शेतकरी वर्षात पाच-सहा बॅचेस काढतो, तिथे मुख्य बॅच एकच, वसंतातली.

सम्राज्ञीवर मराठीत जे काही छापून येतं त्यात बारा पदरी किमोनो असतो, राजवाड्याची शिस्त असते, सुनेचे हाल असतात. हे काम मात्र दोन ओळींत उरकलेलं असतं, "पारंपरिक विधी" म्हणून. प्रत्यक्षात तो मे ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालणारा, पाल्याचा आणि हवेचा हिशोब मागणारा उद्योग आहे. किड्याला समोर कोण उभं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पाला ओला घातला तर तो राजवाड्यातही हगतो आणि मरतो.

आजचा हा रिवाज १८७१ चा, मेइजी सम्राटांच्या पत्नी शोकेन यांनी सुरू केलेला. त्यामागे धर्म कमी आणि व्यापार जास्त होता. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला उघडलं, तेव्हा युरोपातली रेशीम शेती पेब्रिननं झोपली होती. पेब्रिन म्हणजे मादी पतंगाकडून अंड्यातच उतरणारा रोग. अंडं बाधित निघालं की पुढं काहीही करा, बॅच गेलीच. फ्रान्स-इटलीला निरोगी अंडी आणि सूत हवं होतं, जपानकडे दोन्ही होतं. रेशीम देशाचा सगळ्यात मोठा निर्यात माल झाला. सम्राज्ञीनंच किडे पाळायला घेतले की गावोगावच्या बायकांच्या कामाला मान मिळणार, हा सरळ विचार. दरबारात मात्र किडे कसे पाळतात हे माहीत असलेलं कुणी नव्हतं. तेव्हा पुढं आले शिबुसावा एइइची, म्हणजे २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे ते. त्यांचं घराणंच रेशीम आणि निळीच्या धंद्यातलं. त्यांच्या ओळखीतून गुन्मा प्रांतातल्या शिमामुरा गावच्या जाणत्या बायका राजवाड्यात कामाला आल्या. १८७३ मध्ये शोकेन आणि राजमाता एइशो तोमिओकाची सरकारी सूतगिरणी बघायलाही गेल्या.

शिमामुराचं नाव उगाच नव्हतं झालेलं. तिथल्या ताजिमा याहेई यांनी १८६३ मध्ये बांधलेल्या घराच्या आढ्यावर, छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हवा जायला दुसरं छोटं छप्पर आहे. किडे वरच्या मजल्यावर. खालून आलेली गरम दमट हवा वरून निघून जाते. आज ते घर तोमिओकाच्या गिरणीबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडे शेडनेटवर पत्रा टाकताना आढ्याला फट ठेवायला विसरणाऱ्यांनी त्या घराचा फोटो एकदा बघावाच.

राजवाड्यातल्या सध्याच्या संगोपनगृहाचं नाव मोमिजियामा. १९१४ चं लाकडी बांधकाम, सम्राज्ञी तेइमेई यांच्या वेळचं. त्यांच्यानंतर कोजुन, मग मिचिको, आणि २०२० पासून मासाको. रोजचा पाला, साफसफाई, तापमान यांसाठी माणसं नेमलेली आहेत. सगळं एकटी सम्राज्ञीच करते असं समजायचं कारण नाही. पण बॅचच्या प्रत्येक वळणावर तिचा हात लागतो, आणि त्या वळणांना नावं आहेत, विधी आहेत.

पहिलं वळण अंड्यातून निघालेले किडे पाल्यावर घेण्याचं. हे आपल्याकडच्या बहुतेकांनी केलेलंच नसतं, कारण आपण दुसरी कात टाकलेले किडे चॉकी सेंटरमधून, म्हणजे लहान किडे वाढवून देणाऱ्या केंद्रातून आणतो. नुकता निघालेला किडा दोन-तीन मिलिमीटरचा, काळा, केसाळ. बोटानं उचलला तर चिरडतो, म्हणून पक्ष्याच्या पिसानं हलकेच कागदावरून ढकलायचा. सम्राज्ञीच्या हातात त्या दिवशी तेच पीस असतं. खाली शेंड्याजवळचा कोवळा पाला, अगदी बारीक चिरलेला. या वयाला हवा उबदार आणि दमट लागते, २७-२८ अंश आणि आर्द्रता ८५ च्या वर, नाहीतर पाला तासाभरात सुकतो आणि एवढ्याशा जबड्याला तो कुरतडता येत नाही. सगळी अंडी एका सकाळी फुटावीत म्हणून अंड्यावर काळा ठिपका दिसला की ती काळ्या कागदात अंधारात ठेवतात आणि ठरल्या दिवशी पहाटे उजेडात आणतात. ही पायरी चुकली तर निम्मे किडे आज, निम्मे उद्या. मग कात टाकायलाही मागेपुढे, कोषावर चढायलाही मागेपुढे. शेवटपर्यंत ती बॅच एका रांगेत येत नाही.

पुढं पाला घालण्याचा विधी. पाचव्या, म्हणजे चार वेळा कात टाकल्यानंतरच्या शेवटच्या अवस्थेत किडा खायला सुटतो. एकूण पाल्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला शेवटच्या सात-आठ दिवसांत जातो. शंभर अंडीपुंजांना साधारण टनभर पाला धरला तर राजवाड्यालाही तीन टनांची तयारी लागणार, आणि तुती राजवाड्याच्या आवारातलीच. या वयाला गणित उलटं: तापमान २४-२५, आर्द्रता ७० च्या आसपास, आणि वारा खेळता. चॉकीची ऊब मोठ्या किड्यांना दिली की ग्रासरी आणि फ्लॅचरी हे किड्यांचे रोग दारात उभे. एक काळजी मात्र तिथं नाही. आपल्याकडे तासगाव पट्ट्यात शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी झाली आणि वारा तुतीकडे असला की दुसऱ्या दिवशी किडे हिरवं ओकून आडवे. राजवाड्याभोवती खंदक आहे. शेजारी द्राक्षबाग नाही.

मग कोषावर चढवणं. पिकलेला किडा ओळखायला डोळा लागतो. खाणं बंद, अंग आखडून पिवळसर काचेसारखं, डोकं वर करून डावीउजवीकडे हलवणं. लवकर चढवला तर तो भटकत राहतो. उशीर केला तर रेशीम ट्रेच्या कडेला वाया. आपण प्लॅस्टिकच्या किंवा बांबूच्या चंद्रिका, म्हणजे किडे ज्यात कोष बांधतात त्या जाळ्या, वापरतो. मोमिजियामात भाताच्या पेंढ्याच्या हातानं विणलेल्या जाळ्या अजून वापरात आहेत, आणि मिचिको त्या स्वतः विणायच्या. पेंढ्याचा गुण असा की किडा चढल्यावर शेवटची लघवी करतो ती पेंढा शोषून घेतो, कोष डागाळत नाहीत. तोटा असा की जागेची वाटणी किड्यावर सोडावी लागते. दाटी झाली की दोन किडे मिळून एकच कोष बांधतात. त्या कोषातून धागा सलग उलगडत नाही. त्यावर जपाननं काढलेला उपाय म्हणजे फिरती चंद्रिका. पुठ्ठ्याच्या एका चौकटीत १५६ खाने, अशा दहा चौकटी एका टांगत्या सांगाड्यात. किड्याला वर चढायची खोड असते. वरची बाजू जड झाली की सांगाडा आपोआप गर्रकन फिरतो, वरचे खाली येतात, आणि असं होत होत एका खान्यात एक किडा बसतो. वीज नाही, मोटर नाही. मला विचाराल तर रेशीम धंद्यातलं हे सगळ्यात हुशार अवजार.

टोकियोत जूनमध्ये पावसाळा लागतो आणि कोष बांधायची वेळही त्याच सुमाराला येते. आपल्या जूनच्या बॅचला जे दुखणं तेच तिथं. बांधणीच्या त्या दोन-तीन दिवसांत हवा दमट आणि कोंडलेली राहिली तर कोषातला डिंक घट्ट बसतो, आणि पुढं गरम पाण्यात धागा उकलताना सारखा तुटतो. कोष बघायला पांढराशुभ्र, वजनही भरपूर, आणि रिलिंगवाला, म्हणजे कोषातून धागा काढणारा, दर पाडतो. कारण हे.

पहिले कोष काढायचाही विधी आहे. त्यानंतर सूत देवापुढं ठेवून समारोप.

इथपर्यंत राजवाडा आणि वाळव्याचं शेड यांत फार अंतर नाही. खरं अंतर आहे ते वाणात. मोमिजियामात संकरित पांढरे किडे असतात, पिवळ्या कोषाचे असतात, आणि कोइशिमारु नावाचा एक जुना शुद्ध जपानी वाण असतो. कोष लहान, मध्ये चेपलेला, दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा. आपल्या दुबार (वर्षाला दोन पिढ्यांच्या) संकरित कोषातून हजार-बाराशे मीटर धागा निघतो. कोइशिमारुचा त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. बाजारात याला कोण विचारणार? बारामती किंवा रामनगरच्या मार्केटला असा लॉट नेला तर कोषाचा आकार बघूनच दर पडेल. राजवाड्यातूनही तो बंद करायचं घाटत होतं. मिचिको म्हणाल्या, थोडा तरी ठेवू. तो जपता आला याचं कारण शुद्ध वाण. पतंग निघू द्यायचे, जोड्या लावायच्या, अंडी धरायची, की पुढच्या वर्षाचं बी तयार. आपल्या संकरित कोषातून असं बी धरलं तर पुढच्या पिढीत लहानमोठे, लवकर-उशिराचे, सगळे मिसळून निघतात. म्हणून तर अंडीपुंज दर वेळी विकत घ्यावे लागतात.

या किरकोळ वाणाला गिऱ्हाईक मिळालं ते थेट आठव्या शतकातून. नाराच्या तोदाइजी मंदिराचं शोसोइन हे कोठार आहे. ७५६ मध्ये सम्राट शोमु वारले, तेव्हा त्यांच्या वापरातल्या वस्तू सम्राज्ञी कोमयो यांनी मंदिराला अर्पण केल्या. कोठाराचा गाभा तोच. या कोमयो सरदार घराण्यातल्या, राजवंशातल्या नव्हेत. गरिबांसाठी दवाखाना आणि अनाथांसाठी आसरा त्यांनी काढला होता. त्या कोठारातली रेशमी कापडं जीर्ण झाली, नव्यानं विणून बघायची ठरली, तेव्हा अडचण आली सुताची. आजच्या संकरित किड्याचा धागा जाड. वीण तीच ठेवली तरी कापडाचा पोत, चमक, पडणारी घडी वेगळीच दिसायची. जुन्या धाग्याच्या जवळ जाणारा बारीक धागा फक्त कोइशिमारुचा. १९९४ पासून राजवाड्यातून हे सूत नाराला जाऊ लागलं आणि त्यासाठी मिचिकोंना कोइशिमारुचे किडे कितीतरी पटींनी वाढवावे लागले. एका सम्राज्ञीनं दान केलेल्या कापडाची नवी प्रत साडेबाराशे वर्षांनी दुसऱ्या सम्राज्ञीच्या चंद्रिकेवरून निघालेल्या धाग्यानं.

शेडबाहेरही एक छोटं काम असतं: रानरेशीम. यामामाई नावाचा हा किडा ओकच्या जातीच्या झाडांवर वाढतो आणि कोष हिरवा बांधतो. अंडी चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या सम्राज्ञी झाडाच्या फांद्यांना लावते. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनावर जो टसर घेतात त्याचा हा सख्खा चुलतभाऊ, अँथेरिया याच कुळातला.

जपानच्या सगळ्यात जुन्या इतिहासग्रंथांपैकी एकात, निहोन शोकीत, पाचव्या शतकातल्या युर्याकु सम्राटांची गोष्ट आहे. राण्यांनी रेशीम करावं म्हणून त्यांनी सुगारु नावाच्या माणसाला देशभरातून "को" गोळा करून आणायला सांगितलं. "को" म्हणजे रेशीमकिडा, आणि "को" म्हणजे मूलही. सुगारु तान्ही मुलं गोळा करून घेऊन आला. सम्राट हसले आणि म्हणाले, आता तूच सांभाळ.

सम्राज्ञीची बाकीची कामं बातम्यांत येतातच. ती जपानी रेड क्रॉसची मानद अध्यक्ष असते. सम्राट राजवाड्याच्या खाचरात भात लावतात आणि कापतात, ही प्रथा १९२७ ची. भूकंप-ज्वालामुखीनंतर दोघं मिळून निवाऱ्यात जातात. १९९१ मध्ये उन्झेन ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर तेव्हाचे सम्राट अकिहितो आणि मिचिको लोकांसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसले, तेव्हापासून ती पद्धतच पडली. लग्न होऊन या घरात आलं की माहेरचं आडनाव जातं आणि सासरचंही मिळत नाही, कारण राजघराण्याला आडनावच नाही. मासाको लग्नाआधी परराष्ट्र खात्यात अधिकारी होत्या. लग्न १९९३ चं, मुलगी २००१ ची, आणि मुलगा हवा या दडपणातून आलेल्या आजारपणाबद्दल इतकं लिहून झालंय की इथं पुन्हा नको.

कायद्याचा एक मुद्दा मात्र साताऱ्याच्या वाचकाला खटकेल. १९४७ च्या राजघराणे कायद्याप्रमाणे गादी फक्त पुरुष वंशातल्या पुरुषाला, आणि दत्तक घ्यायला बंदी. आपल्याकडे १८४८ मध्ये अप्पासाहेब महाराजांनी मरणाआधी घेतलेला दत्तक डलहौसीनं मानला नाही आणि साताऱ्याचं राज्य खालसा केलं. ती बंदी परक्यानं लादलेली. जपानात ती घरच्याच कायद्यात बसली आहे. १९४७ मध्ये घराण्याबाहेर पडलेल्या शाखांतून मुलगे दत्तक घेऊ द्यावेत का, यावर २०२१ पासून तिथं खल चालू आहे. गादीवर बसलेल्या आठ स्त्रिया जपानच्या इतिहासात आहेत, पहिली सुइको ५९३ मध्ये, शेवटची गो-साकुरामाची अठराव्या शतकात. पण आजच्या कायद्यात त्याला जागा नाही.

मासाकोंची मुलगी आइको शाळेत असल्यापासून स्वतः रेशीमकिडे पाळते, त्यांची अंडी धरून पुढच्या वर्षीचं बीही ठेवते. पण मोमिजियामातलं पीस तिच्या हाती जायचं नाही. गादी काकांकडे, अकिशिनोंकडे जाणार, म्हणजे ती बॅच त्यांच्या पत्नी किको यांची.