चुकलेले उत्तर आधी दाखव

इंग्रजीच्या गृहपाठात अडलेला विद्यार्थी वही पुढे करतो, तेव्हा त्याला उत्तर हवे असते आणि ते सांगून मोकळे होणे मलाही सोपे असते. तरी मी आधी त्याचे चुकलेले उत्तर पाहते, कारण तो कुठल्या वाटेने तिथे पोचला हे त्यावरूनच कळते.

परवा एका विद्यार्थिनीने ‘द बॉय रोट अ लेटर’ या वाक्यापुढे ‘पॅसिव्ह’ असे लिहून आणले होते. कारण विचारले तर तिने मराठी वाक्य म्हणून दाखवले: ‘मुलाने पत्र लिहिले.’ पत्राऐवजी कविता असती तर क्रियापद ‘लिहिली’ झाले असते, म्हणजे ते कर्माप्रमाणे बदलते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, हे समीकरण तिला पाठ होते. तिचे मराठी व्याकरण बिनचूक होते, चुकले होते ते समीकरण. इंग्रजीत लेटर असो वा पोएम, ‘रोट’ हे ‘रोट’च राहते, पॅसिव्ह होण्यासाठी कर्माला कर्त्याच्या जागी यावे लागते आणि क्रियापदाला ‘वॉज रिटन’ असे रूप घ्यावे लागते. (‘ही स्लेप्ट’चा पॅसिव्ह करायला बसलेली मुलेही मी पाहिली आहेत, अकर्मक क्रियापदाला कर्मच नसते, तर पुढे आणायचे काय?)

साहित्याच्या प्रश्नांतही हेच घडते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?’ या ओळीवर एकाने लिहिले होते की, ज्युलिएट रोमिओला शोधते आहे. ‘व्हेअर’ ओळखीचा असल्याने ‘कुठे’ हा अर्थ त्याने गृहीत धरला होता. मी अर्थ न सांगता पुढची ओळ वाचायला लावली. तिथे ती रोमिओला बापाला नाकारायला आणि स्वतःचे नाव टाकायला सांगते. हरवलेल्या माणसाला कोणी नाव बदलायला कशाला सांगेल, असे म्हणून तो थांबला आणि मग त्याने ‘कुठे’ खोडून ‘का’ लिहिले: तू रोमिओच का, वैऱ्याच्या घरचाच का?

नंतर त्याने गंभीरपणे विचारले की, या ओळीत ‘आर्ट’ ही कोणती कला आहे. तेव्हा ‘आर’चे ‘दाऊ’बरोबर, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या ‘तू’बरोबर, येणारे जुने रूप समजावण्यासाठी आम्ही पुन्हा व्याकरणाचे पुस्तक उघडले.