आमची वाटचाल : रंगकामाकडून टेस्टिंगकडे

आम्ही मूळचे रंगकामवाले. कुपवाड एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक ब्लास्टिंग पॉट आणि कामं म्हणजे साखर कारखान्यांच्या मळीच्या टाक्या, उपसा सिंचनाचे पाईप. रंग तुकतुकीत दिसला की बिल पास, असा तेव्हाचा रिवाज. पण गंज तुकतुकी बघत नाही. त्याला सुईच्या टोकाएवढं पिनहोल पुरतं.

एका पाईपच्या कामात टेंडरमध्येच हॉलिडे टेस्टची, म्हणजे रंगातली डोळ्यांना न दिसणारी भोकं विजेनं शोधण्याची अट होती, म्हणून मशीन घेतलं. मशीनची अर्थिंग उघड्या लोखंडाला लावायची आणि तारेचा ब्रश रंगावरून सावकाश फिरवायचा. सपाट पत्र्यावर सगळं शांत. वेल्डवर आला, की टक्! निळी ठिणगी. तिथे खडूनं गोल. वेल्डच्या खवल्यांवर आणि कडांवर रंग ओढला जाऊन पातळ होतो, त्यामुळे खडू जास्त झिजतो तो तिथेच. 500 मायक्रॉनपर्यंतच्या (अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या) पातळ थराला ओल्या स्पंजचं कमी व्होल्टेजचं मशीन पुरतं.

खरी कसब व्होल्टेज ठरवण्यात आहे. एफबीई, म्हणजे इपॉक्सी पावडर वितळवून चढवलेल्या पाईपांसाठी नेस (NACE) या गंजरोधक क्षेत्रातल्या संस्थेच्या एसपी 0490 मानकात सूत्र आहे: थराची जाडी मायक्रॉनमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला 104 ने गुणायचं. 400 मायक्रॉनला साधारण 2,080 व्होल्ट. कमी ठेवलं तर भोक सुटतं, वाट्टेल तसं वाढवलं तर चांगला रंगच फुटतो. म्हणून आधी डीएफटी (सुकलेल्या रंगाची जाडी), मग व्होल्टेज.

‘आजच रंग मारलाय, आजच टेस्ट करून टाका’ हा फोन आजही येतो. रंग पूर्ण क्युअर, म्हणजे आतपर्यंत पक्का झाल्याशिवाय आम्ही मशीन चालू करत नाही. आत अडकलेल्या थिनरमुळे रीडिंग खोटं येतं, आणि बंद टाकीत थिनरची वाफ असताना ठिणगी पाडायची म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. नुसता झिंक प्रायमर असेल तर सरळ नाही म्हणतो. त्यातून वीज जाते, टेस्टला अर्थच उरत नाही.

पुढे रंगकाम सोडलं. आपणच रंगवायचं आणि आपणच पास करायचं, हे मनाला पटेना. धंदा निम्म्यावर आला, घरात बोलणीही खाल्ली. ठेकेदारांना आम्ही अजून नकोसे वाटतो. मालक मात्र स्वतःहून बोलावतात.

दुरुस्तीनंतर सगळी टाकी पुन्हा झोडपत नाही, फक्त पॅच तपासतो. त्याचा दर वेगळा, हे आता कोटेशनच्या पहिल्याच ओळीत लिहितो.