आमची वाटचाल : माळ्यावरचा रेडिओ आणि तिसरी किक

मुंबईत १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक नावाचा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, तेव्हा आम्ही पुण्याची पोरं धोबीतलावच्या रंगभवनला जायचो आणि रात्र स्टेशनवर काढायचो. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवन गप्प झालं. पुण्यात रॉक रेडिओ काढायचं खूळ तेव्हापासूनचं.

एफएमची फ्रिक्वेन्सी लिलावात जाते, कोटींत. कम्युनिटी रेडिओ २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळायला लागला, पण आमच्यासारख्या धंदेवाल्याला नाही. म्हणून २०११ ला सदाशिव पेठेतल्या माळ्यावरून नेटवर सुरू केलं. नेटवर आवाज सोडायला आइसकास्ट नावाचं सॉफ्टवेअर, एक एसएम५८ माइक, जुना आठ चॅनलचा मिक्सर. त्याचा तिसरा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, अजून खरखरतो. बदलत नाही. गाणं तिथून सोडायचं नाही, एवढंच.

पहिली जाहिरात नाना पेठेतल्या बुलेटच्या मिस्त्रीची. महिना दीड हजार रोख, नोटांना ग्रीस. इंग्रजी येत नाही, पण फोन ठरलेला : "ते झेपलिनवालं लाव रे, ठोका कास्ट आयर्न इंजिनासारखा पडतो." म्हणजे लेड झेपलिन, इंग्लंडचा रॉक बँड. आमची जिंगलही त्याच्याच गॅरेजातली. दोन किका वाया, तिसरीला इंजिन पकडतं, मग गिटार.

मग आलं २०१६. एका एफएमवाल्यांनी 'एकत्र काहीतरी करू' म्हणून बोलावलं. चहा पाजला. रविवार रात्रीच्या शोची रनशीट (कशानंतर काय वाजणार तो कागद), गाण्यांच्या याद्या, सगळं बघायला मागितलं आणि मी पेन ड्राइव्हवर नेऊन दिलं! दीड महिन्यात तोच शो, तीच वेळ, नावात एका अक्षराचा फरक. आमचा आरजे तिकडे, गिटारच्या दुकानाची जाहिरातही तिकडे. (नव्याने रेडिओ काढणाऱ्यांनो, शोचं नाव कोणाचं ते आधी कागदावर घ्या.) सर्व्हरचं बिल डॉलरमध्ये, आणि एका रविवारी ऐकणारे अकरा. त्यातला एक मीच, तपासायला लावलेला. बंद करतो म्हणून मिस्त्रीला सांगायला गेलो, तर त्याने ऑइल फिल्टरच्या खोक्यातून सहा महिन्यांचे पैसे काढून हातावर ठेवले. पावती मागितली नाही.

नंतरची वर्षं बरी गेली.

त्या एफएमवाल्यांनी जिंगलही तशीच केली होती, दोन किका, मग इंजिन. मी चिडून मिस्त्रीला ऐकवली. प्लग पाना हातात धरून त्याने दोनदा ऐकली.

"सेल्फवर चालू केलीय ही. किकचा आवाज मागून चिकटवलाय."