नाव राजाचे, शाळा नगर परिषदेची

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा येथील ‘रॉयल हायस्कूल’ हे नाव कानांवर पडले की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात ईटनसारखे, वसतिगृह असलेले आणि सरदार-दरकदारांच्या मुलांसाठी राखून ठेवलेले एखादे विद्यालय उभे राहते. प्रत्यक्षात ही शाळा तशी कधीच नव्हती. नावात राजा असला तरी गेली साडेचारशे वर्षे तिचा कारभार शहराच्या नगर परिषदेकडे आहे, आणि माझ्या मते या शाळेच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे वळण या एका गोष्टीतून निघाले आहे. शहराने चालवलेली शाळा नेमकी कोणाच्या मुलांसाठी असते, हा तो जुना वाद आहे. नगरपालिकेची शाळा म्हटले की नाक मुरडण्याची सवय आपल्याकडे मध्यमवर्गाला जडलेली असल्यामुळे मला या वादात विशेष रस वाटला.

शाळा आपला जन्म 1128 सालचा सांगते. त्या वर्षी राजा पहिला डेव्हिड याने होलिरूड मठाची स्थापना केली आणि मठासोबत पाठशाळाही आली, अशी परंपरा आहे. इतक्या दूरच्या तारखा जरा हात राखूनच घ्याव्यात हे खरे. पण 1566 मध्ये, धर्मसुधारणेच्या धामधुमीत, राणी मेरीने ही शाळा मठाकडून काढून एडिनबराच्या नगर परिषदेच्या हवाली केली, ही नोंद पक्की आहे. ‘रॉयल’ हे बिरुद तिच्या मुलाच्या, म्हणजे सहाव्या जेम्सच्या, राजवटीत चिकटले. राजाने नाव दिले. इमारत, शिक्षकांच्या नेमणुका आणि मुलांच्या सुट्ट्या ही डोकेदुखी मात्र नगर परिषदेच्या वाट्याला आली.

सुट्टीवरून तर एकदा खून पडला. सप्टेंबर 1595 मध्ये मुलांनी आठवडाभराची नेहमीची सुट्टी मागितली आणि परिषदेने ती नाकारली. तेव्हाच्या स्कॉटिश शाळांत अशा प्रसंगी आतून दारे लावून घेऊन शिक्षकांनाच बाहेर ठेवण्याची एक रीत होती. त्याप्रमाणे बड्या घरच्या काही मुलांनी खाण्यापिण्याचे सामान आणि शस्त्रे घेऊन रात्रीतून शाळा ताब्यात घेतली. सकाळी मुख्याध्यापक हर्क्युलीस रोलॉक यांना दार बंद आढळले. त्यांची विनवणी कोणी ऐकेना, म्हणून त्यांनी परिषदेकडे धाव घेतली. परिषदेने जॉन मॅकमोरन या आपल्या दंडाधिकाऱ्याला शिपाई देऊन पाठवले. मॅकमोरन शहरातील अत्यंत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक होता. त्याच्या माणसांनी लाकडी तुळईने दार फोडायला सुरुवात केली, तेव्हा विल्यम सिंक्लेअर नावाच्या मुलाने खिडकीतून पिस्तूल झाडले. गोळी कपाळात शिरली आणि मॅकमोरन जागीच कोसळला. मुलगा केथनेसच्या बड्या घराण्यातला असल्यामुळे त्याचे पुढे काहीच वाकडे झाले नाही; नोकरी गेली ती रोलॉक यांची. शहर शाळा चालवते, पण शाळेतल्या मुलांच्या बापांपुढे शहराचे फारसे चालत नाही, हे त्या वर्षी सगळ्यांना कळून चुकले असावे. (मॅकमोरनचे घर, ‘रिडल्स कोर्ट’, आजही उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची डागडुजी करून तिथे विद्यार्थ्यांची राहण्याची सोय केली ती पॅट्रिक गेडिस यांनी. हेच गेडिस पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.)

शाळेचा खरा बहराचा काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, आणि तो अलेक्झांडर ॲडम या एका माणसाभोवती फिरतो. स्कॉटलंडमध्ये अनेक जुन्या शाळांत मुख्याध्यापकाला ‘रेक्टर’ म्हणतात. ॲडम 1768 पासून 1809 पर्यंत इथले रेक्टर होते. उत्तरेकडच्या मोरे परगण्यातील एका गरीब कुळाच्या घरी जन्मलेला आणि विद्यार्थिदशेत अक्षरशः कोरड्या पावावर दिवस काढलेला हा माणूस. त्या काळी लॅटिन व्याकरणाचे प्रचलित पुस्तकही लॅटिनमध्येच लिहिलेले होते. म्हणजे ज्याला संस्कृत येत नाही त्याच्या हाती थेट सूत्रे द्यावीत, असा तो प्रकार. ॲडम यांनी मुलांना समजणाऱ्या इंग्रजीतून लॅटिन व्याकरण लिहिले आणि शाळेत मोठे भांडण पेटले. हाताखालचे शिक्षक बिथरले. त्यांच्यातला सर्वांत तापट विल्यम निकोल, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सचा जिवलग मित्र, रेक्टरांच्या अंगावर हात टाकण्यापर्यंत गेला. नगर परिषदेने तर जुनेच पुस्तक वापरावे असा हुकूम काढला. ॲडम यांनी हुकूम वाचला आणि आपले पुस्तक शिकवणे चालू ठेवले. शिवाय जी ग्रीक भाषा शिकवणे विद्यापीठ आपला हक्क समजत असे, तिलाही त्यांनी शाळेत जागा करून दिली.

वर्गाची रचनाही आजच्या डोळ्यांना चमत्कारिक वाटेल. एक शिक्षक पहिलीचा वर्ग घेई आणि तीच मुले चार वर्षे सांभाळून शेवटी रेक्टरांच्या हाती सोपवी. वर्गात मुलांची संख्या शंभराच्या आसपास जाई, आणि शिक्षकाचे उत्पन्न बऱ्याच अंशी मुलांच्या फीवर असल्यामुळे गर्दी कमी करण्यात कोणालाच गोडी नव्हती. बाकांवरची बसण्याची जागा हाच मुलाचा क्रमांक. प्रश्नाचे उत्तर चुकले की खालचा मुलगा उत्तर देऊन वर सरकायचा. दिवसभर अशी वर-खाली चाललेली असायची. 1779 पासून चार वर्षे इथे शिकलेल्या, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या वॉल्टर स्कॉटने सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या वर्गात पहिल्या जागेवर एक मुलगा ठाण मांडून बसला होता आणि काही केल्या हलत नव्हता. स्कॉटच्या लक्षात आले की प्रश्न विचारला की हा मुलगा आपल्या बंडीच्या खालच्या भागातील एका ठरावीक बटणाशी चाळा करतो. एके दिवशी स्कॉटने गुपचूप ते बटण चाकूने कापून टाकले. प्रश्न आला, मुलाची बोटे बटण शोधू लागली, सापडेना, त्याने खाली पाहिले आणि तो गोंधळून गप्प उभा राहिला. स्कॉटने जागा पटकावली. ती पुन्हा त्या मुलाला मिळाली नाही. पुढे तो न्यायालयात कुठेतरी खालच्या हुद्द्यावर काम करीत असे आणि दारूच्या आहारी गेला होता. त्याला पाहिले की आपले मन आपल्याला खात असे, असे स्कॉटने सांगून ठेवले आहे. क्रमवारीची पद्धत कशी असते यावर शिक्षणशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा हे एक बटण जास्त सांगून जाते असे मला वाटते.

क्रमांकासोबत चामडी पट्टाही होताच. हेन्री कॉबर्न, जो पुढे नामवंत न्यायाधीश झाला, तो 1787 मध्ये आठव्या वर्षी या शाळेत आला. पहिल्या चार वर्षांत आपल्याला मार बसला नाही असे एकूण दहा दिवसही नसतील, असे त्याने आठवणींत नोंदवले आहे. ॲडम यांच्या वर्गात गेल्यावरच त्याचा जीव भांड्यात पडला. स्कॉटलंडच्या शाळांतून हा पट्टा हद्दपार व्हायला आणखी दोनशे वर्षे लागली. दोन स्कॉटिश मातांनी थेट स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, 1982 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि 1987 मध्ये सरकारी शाळांतील शारीरिक शिक्षा कायद्याने बंद झाली.

याच ॲडम यांच्या शाळेत 1791 च्या सुमारास एक बारा वर्षांचा मुलगा थोडा काळ शिकत होता. वडील एडिनबरा किल्ल्याचे अधिकारी असल्यामुळे तो किल्ल्यावर राहत असे, तिथल्या फ्रेंच कैद्यांत मिसळत असे आणि त्यांच्याकडून शिकलेली क्रांतीची गाणी मोठ्याने म्हणत असे. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. 1817 मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याच्या संगमावरची ज्याची रेसिडेन्सी पुस्तकांसकट जळाली, पेशवाई बुडाल्यावर ज्याने मुलूख ताब्यात घेतला आणि 1819 ते 1827 या काळात मुंबईचा गव्हर्नर असताना देशी भाषांतील शाळा आणि पाठ्यपुस्तके यांचा आग्रह धरला, तोच हा एल्फिन्स्टन. ॲडम यांच्या वर्गातला एखादा धागा थेट मुंबईच्या शिक्षण धोरणाला जोडण्याचा मोह होतो, पण एवढ्या थोड्या काळावर एवढा डोलारा उभारणे मला पटत नाही.

1809 च्या डिसेंबरात ॲडम आजारी पडले आणि काही दिवसांतच गेले. शेवटच्या घटकेला ग्लानीत त्यांना आपण वर्गातच आहोत असे वाटत होते. “अंधार पडू लागला, मुलांनो, आता तुम्ही जा,” हे त्यांचे अखेरचे शब्द म्हणून एडिनबरामध्ये आजही सांगितले जातात.

ॲडम यांच्यानंतरचे भांडण मात्र पुस्तकाचे नव्हते, पत्त्याचे होते. शाळा जुन्या शहरात, काउगेटच्या दाटीवाटीच्या वस्तीलगत होती, आणि सधन कुटुंबे एव्हाना उत्तरेकडच्या ऐसपैस नव्या शहरात राहायला गेली होती. एका बाकावर सरदाराचा मुलगा आणि त्याच्या शेजारी काउगेटच्या दुकानदाराचा मुलगा, याचा या शाळेला अभिमान होता. हेन्री ब्रूमसारखा माजी विद्यार्थी जाहीर भाषणातून त्याचे गोडवे गात असे. पण गोडवे गाणे वेगळे आणि आपल्या मुलाला रोज काउगेटला पाठवणे वेगळे. 1824 मध्ये नव्या शहरात ‘एडिनबरा अकॅडमी’ ही खासगी शाळा उघडली. तिच्या संस्थापकांत प्रमुख नाव हेन्री कॉबर्नचे, आणि पाठीराख्यांत खुद्द वॉल्टर स्कॉट. ज्यांनी या शाळेचा मार खाल्ला आणि जागाही पटकावल्या, त्यांनीच तिला प्रतिस्पर्धी उभा केला.

नगर परिषद खडबडून जागी झाली. तिने कॅल्टन टेकडीच्या उतारावर, दोन्ही शहरांना सोयीच्या जागी, टॉमस हॅमिल्टन या वास्तुकाराकडून 1829 मध्ये नवी शाळा बांधून घेतली. मध्यभागी अथेन्समधील हेफेस्टसच्या देवळाच्या धर्तीचा दर्शनी मंडप, दोन्ही बाजूंना डोरिक खांबांच्या रांगा आणि आत लंबवर्तुळाकार सभागृह. इमारत देखणी आहे यात शंका नाही, परंतु ती पाहताना हे मुलांचे ठिकाण आहे असे मला कधी वाटले नाही. शेजारच्या शाळेवर कडी करायची या ईर्ष्येने ती बांधलेली दिसते. टेलिफोनकर्ता अलेक्झांडर ग्रॅहम बेल इथलाच विद्यार्थी, मात्र त्याची शाळेतली प्रगती यथातथाच होती आणि तो पंधराव्या वर्षीच बाहेर पडला.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही केवळ मुलग्यांची, निवडून प्रवेश देणारी आणि थोडीबहुत फी घेणारी, पण नगर परिषदेचीच शाळा राहिली. 1968 मध्ये ती शहराच्या पश्चिम टोकाला बार्नटन उपनगरात हलवण्यात आली आणि 1973 मध्ये निवड संपून परिसरातील सर्व मुलामुलींसाठी खुली झाली. मुलींना शाळेचे दार उघडायला परंपरेच्या हिशेबाने साडेआठशे वर्षे लागली, आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हळहळ वाटली ती टेकडी सुटल्याची.

रिकाम्या इमारतीचे पुढे जे झाले ते स्वतंत्र लेखाचे प्रकरण आहे. सत्तरच्या दशकात तिथे स्कॉटलंडच्या नियोजित विधिमंडळासाठी सभागृह सज्ज केले गेले. 1979 च्या सार्वमतात 51.6 टक्के मते बाजूने पडूनही एकूण मतदारांच्या 40 टक्क्यांची अट पुरी न झाल्यामुळे ते तसेच पडून राहिले. 1992 पासून फाटकासमोर कार्यकर्त्यांनी संसदेच्या मागणीसाठी सलग 1,980 दिवस पहारा दिला. संसद मिळाली, पण ती होलिरूडला नव्या इमारतीत गेली. नंतरचा आलिशान हॉटेलचा प्रस्ताव वारंवार फेटाळला गेला आणि आता तिथे राष्ट्रीय संगीत केंद्राची योजना आहे.

बार्नटनची शाळा मात्र रोजच्यासारखी भरते. बाराव्या वर्षी आलेली मुले सहा वर्षांपर्यंत तिथे राहतात, पाचव्या वर्षी ‘हायर’ या विद्यापीठ प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेला बसतात, काळ्या-पांढऱ्या रंगांचा गणवेश घालतात, आणि ‘विद्येच्या देवतांमुळे राज्य भरभराटते’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य मिरवतात. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. तुमचे घर शाळेच्या हद्दीत असले की झाले. म्हणजे दुकानदार आणि सरदार पुन्हा एका बाकावर आले, असे कागदोपत्री म्हणता येईल; परंतु बार्नटन हे शहरातील महागड्या भागांपैकी एक आहे, चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर घेण्यासाठी पालक आधीपासून धडपडतात, आणि ज्यांना तेही नको असते त्यांच्यासाठी एडिनबरामध्ये खासगी शाळांची कमतरता नाही. तिथे जाणाऱ्या मुलांचे प्रमाण उर्वरित स्कॉटलंडपेक्षा कितीतरी अधिक आहे. कॉबर्नची अकॅडमीही त्यांपैकीच एक असून ती आजही नव्या शहराच्या त्याच कडेला व्यवस्थित चालू आहे.