चौदावं प्रकरण : कौलं निघाली

माझ्या कादंबरीचा खर्डा ५८ हजार शब्दांवर आला. महिनाभर चौदाव्या प्रकरणाशी अडलो होतो, परवा रात्री ते सुटलं.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी : १८९७ चा मार्च, गिरगावातलं जुनं कौलारू घर. माळ्यावर रात्री पावलं वाजतात. वर भूत नाही; विनायकची गाठ आलेली बहीण आहे, तापाच्या भ्रमात चालणारी. इस्पितळात नेतील म्हणून घरच्यांनी लपवलेली. ग्रंथिक सन्निपाताच्या, म्हणजे प्लेगच्या, त्या वर्षी लोक आपली माणसं खरोखर अशी लपवत. हे फक्त घरच्यांना आणि विनायकच्या शाळेपासूनच्या दोस्ताला, सदाशिवला, ठाऊक.

गॉथिक, म्हणजे जुन्या घरातली गूढ-भयकथा, म्हणून मी अंधाराच्या मागे लागलो होतो : कंदील, जिना, बंद दार. आणि विनायक-सदाशिवचं प्रेम उजेडात आणायचं, असा बेत. काही केल्या जुळेना. मग प्लेगच्या बंदोबस्ताविषयी वाचताना थबकलो. हवा-ऊन यावं म्हणून घरांची कौलं काढत, भिंतींना चुना फासत, राहण्यास नालायक घरांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरं रंगवत. म्हणजे या घरात भीती उन्हातून शिरते! अंधार हा बहिणीचा आडोसा. आणि १८६२ पासून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू असलेल्या शहरात या दोघांचाही तोच.

सहा पानं काढून टाकली. आता छपरावर माणसं चढलीत, माळ्यावर उन्हाचा एक चौकोन पडतो, विनायक त्यातून हात मागे घेतो. सदाशिव तो हात धरतो, सावलीत. बस्स, एवढंच. लिहिताना माझाच श्वास अडकला होता.

सदाशिवच्या नोकरीचाही आता उपयोग झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई होते. त्या कारकुनाच्या जागी मी त्याला बसवलंय. १० जानेवारीला साहेबांनी लस स्वतःलाच टोचून घेतली, तेव्हापासून विनायकची सगळी आशा त्या कुपीवर. पण ती लस दुखणं येण्याआधीची. बहिणीला आता तिचा उपयोग नाही, हे सदाशिव जाणतो आणि सांगत नाही. त्याचं प्रेम मला सगळ्यात जास्त इथे दिसतं, आणि त्याचा अपराधही.

संवादात एक पेच होता. दोघं लहानपणापासून अरे-तुरे करणारे. जवळीक वाढली हे दाखवायला 'तू'च्या पुढे सर्वनामच नाही. म्हणून उलट्या बाजूने गेलो. सदाशिवने लसीचं खरं लपवलं हे कळल्यावर विनायक म्हणतो, "सदाशिवराव, तुम्ही आता घरी जा." त्या एका 'तुम्ही'त तुटलेलं काय ते सगळं आलं.

पुढच्या आठवड्यात आर्थर रोडचं इस्पितळ. विनायक परत 'सद्या' कधी म्हणतो, ते तिथे लिहायचंय.