तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी

मागचा रविवार अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

महिन्यातले दोन रविवार मी पुण्याजवळ एका ठिकाणी शाळेच्या मुलांना 'उत्खनन' शिकवायला जाते, फुकट, पेट्रोलही माझंच. साइट खोटी, आम्हीच खणून आम्हीच भरलेले चार खड्डे. पण भरायला दोन दिवस लागतात हे कुणालाच पटत नाही. खाली मुरूम, त्यावर चोपून सारवलेली जमीन, मग राखेचा थर, पिवळी माती, वर काळी. काळीत रेती मिसळावीच लागते, नाहीतर वाळून ढेकळं होतात आणि पोरं ती लाथेनं फोडतात. थराचा रंग बदललेला दिसला पाहिजे, सगळा खेळ त्यावरच तर आहे. आयोजकांना त्याचं काही नाही, त्यांना पोरांच्या हातात ब्रश असलेला फोटो पाहिजे. अहो ब्रश शेवटी लागतो, आधी खुरपं आडवं धरून आपल्याकडे खरवडत यायचं असतं!

आमचा नमुना इनामगावचा. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदलेलं. सुमारे ३६०० ते २७०० वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. कुंभारदादांकडून जोर्वे पद्धतीची, म्हणजे त्या काळी तिथं वापरात होती तशी, तोटीची भांडी करून घेतली, काळ्या रेघा मी स्वतः ओढल्या. खऱ्या जोर्वे खापराला टिचकी मारली की खणकन वाजतं, आमचं थप्प वाजतं, ते मला खुपतंच.

तर इनामगावला घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत बाळ. हे ठेवायचं की नाही यावरून आमच्यात चांगलंच वाजलं होतं, मुलं घाबरतील, पालक ओरडतील वगैरे. मी हट्टानं ठेवलं. हाडंबिडं काही नाही, आत नुसती माती आणि शेजारी एक छोटं तोटीचं भांडं.

त्या दिवशी झेडपीच्या शाळेची सातवी होती. एका मुलीनं ती मडकी इतकी सुंदर मोकळी केली, अर्धा तास मान वर नाही, मोठ्यांना जमत नाही असं काम. "ताई, यात काय?" मी नेहमीचं सांगितलं. एरवी पोरं ईईई करतात, मग मी मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरायचे ते सांगते, भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून असेल असा एक तर्क आहे, आणि सगळी खूश होतात. ही नुसती बघत राहिली.

"घरातच? झोपायच्या जागी?"

"हो, जमिनीखाली."

"आमचं बाळ पण पुरलंय. लांब, बांधाला. आजी म्हणाली बाळाला जाळत नाहीत." मग जरा थांबून, "आई तिकडून जातच नाही. यांचं बरं होतं."

मला काही म्हणजे काही सुचलं नाही. तेवढ्यात त्यांचे सर आले, चला चला ग्रुप फोटो, आणि ती मडक्यांच्या कडेनं माती परत हातानं दाबून उठली. खरं तर असं करू द्यायचं नसतं, मी बघत उभी राहिले.

संध्याकाळी नोंदपत्रकं तपासली. आमचा नियम एकच, दिसलं तेवढंच लिहायचं, अंदाज नाही. तिनं खोली बरोबर लिहिली होती, थरही बरोबर. 'काय सापडलं'च्या पुढे: दोन मडकी, एक भांडं, बाळ.

आमच्या समन्वयक म्हणाल्या, चूक आहे, लाल पेनानं दुरुस्त कर, आणि सांगितलं होतं ना तुला. मी पत्रक तसंच फायलीत लावलं. ते त्यांना अजून माहीत नाही. पुढच्या रविवारचा खड्डा भरायचाय, मडकी गाडीच्या डिकीत पडून आहेत.