तरीही मी चर्चला का जातो

‘तुम्ही गे आहात, मग दर रविवारी चर्चला कसे काय जाता?’ हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. समलैंगिकांच्या प्राइड मोर्चात ओळख झालेले मित्र काळजीने विचारतात. जिथे आपल्याला पापी ठरवतात तिथे पाय तरी कशाला ठेवायचा, असं त्यांना वाटतं. चर्चमधले लोक विचारतात तेव्हा आवाज खाली आलेला असतो आणि रोखही वेगळा असतो. तुम्ही विचारलंत म्हणून दोघांनाही एकच सांगतो. माझा प्रभू येशूवर विश्वास आहे, आणि विश्वास एकट्याने घरात बसून सांभाळायचा असतो असं मला लहानपणापासून कुणी शिकवलं नाही.

आम्ही मूळचे नगरकडचे. आजोबा नोकरीसाठी ठाण्याला आले ते कोपरीत राहिले. मी आता ऐरोलीला असतो आणि रविवारी सकाळी ट्रान्सहार्बरची लोकल पकडून उपासनेला ठाण्याला येतो. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी केलेली विश्वासाची कबुली) सगळं या एकाच मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात झालं. आई प्रभूत निजली त्या रात्री महिला मंडळाच्या बायका पहाटेपर्यंत गीतं म्हणत आमच्या घरी बसल्या होत्या, आणि सकाळी कुणीतरी न सांगता सगळ्यांसाठी चहा-पाव घेऊन आलं. ‘सोडून दे ना चर्च’ म्हणणाऱ्या मित्राला मी हेच सांगतो, की तू मला माझी माणसं सोडायला सांगतोयस.

याच माणसांनी मला दुखावलंही आहे. पाळकसाहेबांना माझ्याबद्दल मीच सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. थोड्याच दिवसांत कमिटीचा निरोप आला की संडेस्कूलचा वर्ग यापुढे दुसरं कुणी घेईल. नाताळच्या गीतांना पेटी वाजवायला मात्र मी यायचं होतं. कुणी ओरडलं नाही, कुणी हाकललं नाही. फक्त ज्या मुलांना मी दाविदाच्या आणि रूथच्या गोष्टी सांगत होतो, त्यांच्या आया मला पाहून मुलांचा हात धरायला लागल्या. ते मला अजूनही सहन होत नाही.

मग माझ्यासाठी उपवास-प्रार्थना झाल्या, आणि पाठोपाठ स्थळं आली. ‘लग्न कर, प्रभू बदल घडवील.’ मला खरा संताप येतो तो या वाक्याचा. जिला यातलं काही माहीत नाही अशी एखादी मुलगी माझ्या घरात आणायची आणि आयुष्यभर आपल्यातच काही कमी आहे असं तिला वाटू द्यायचं, हे कुठल्या प्रीतीत बसतं? तिच्यासाठी कुणी उपवास धरणार होतं का? समलैंगिकता बदलण्याचे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केलं. डॉक्टरला जे करता येत नाही ते प्रार्थनेच्या नावाने मंडळीनेही करू नये.

शास्त्राचं काय, असं विचाराल. बायबलच्या लेवीय आणि रोमकरांस पत्र या पुस्तकांतली समलैंगिक संबंधांविरुद्धची वचनं मला तोंडपाठ आहेत, कारण ती मला पुष्कळदा ऐकवली गेली. त्यांचा अर्थ कसा लावायचा यावर देवभिरू अभ्यासकांतही मतभेद आहेत. माझ्याहून वेगळा अर्थ लावणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. पण मग सगळंच वाचू या. आमच्याविरुद्ध ज्या सदोम नगराचा दाखला देतात त्याचं पाप काय, हे यहेज्केल 16:49 सांगतो: गर्व, अन्नाची रेलचेल, आणि गरिबाला हात न देणं.

माझा आधार नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा आठवा अध्याय आहे. षंढाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात लिहिलंय. यशयाच्या 56 व्या अध्यायात देव अशाच माणसांना पुत्र-कन्यांहून उत्तम नाव द्यायचं वचन देतो. आणि पुढे कृत्यांच्या त्या आठव्या अध्यायात गाझाच्या वाटेवर हबशी षंढ रथात यशया वाचत बसलेला असतो, पाणी दिसताच सुवार्तिक फिलिप्पाला विचारतो, की मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्पाने त्याच्याकडे विश्वासाखेरीज काही मागितलं नाही. दोघेही पाण्यात उतरले. तो षंढ होता, मी समलैंगिक आहे, या दोन गोष्टी एक नाहीत हे मला समजतं. पण दारात उभ्या असलेल्या माणसाशी कसं वागायचं ते मी तिथून शिकलो.

बाहेरचं जग तोवर पुढे गेलं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा 377 कलमाचा भाग रद्द केला. त्यानंतरच्या रविवारी आमच्या उपासनेत त्याबद्दल अवाक्षर निघालं नाही. त्याआधी, 2013 मध्ये न्यायालयाने हेच कलम कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी समलैंगिकांना आम्ही कधी गुन्हेगार मानलं नाही, असं जाहीरपणे म्हटलं होतं. लग्नाबद्दलची त्यांच्या चर्चची शिकवण बदलली नाही, आजही नाही. आमचं चर्च प्रोटेस्टंट. पण एवढं एक वाक्य आमच्या वेदीवरून ऐकायला मिळालं असतं तर त्या आठवड्यात मला झोप लागली असती.

माझा जोडीदार हिंदू आहे. नाताळला तो माझ्याबरोबर येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि सगळ्यांना ‘ऑफिसातला मित्र’ म्हणून माहीत असतो. गेल्या नाताळला मंडळीतल्या एका वयस्क मावशींनी त्याचा दंड धरला आणि म्हणाल्या, ‘इथं पंख्याचं वारं येत नाही, पुढं चला. हे तुमचे ना?’ आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तो हो म्हणाला. मावशींनी आम्हां दोघांना आपल्या शेजारी बसवलं, गीताचं पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं आणि ओळीखाली बोट फिरवत राहिल्या.

अशा माणसांसाठीही मी जातो. आणि मला काय हवंय असं विचाराल तर माझा संडेस्कूलचा वर्ग. कमिटीला लेखी अर्ज दिलाय आणि वर्ग का काढून घेतला याचं उत्तरही लेखीच मागितलंय.